उरुग्वेचा शर्ट आणि एक काना

अब्बा, आज टीव्हीवर उरुग्वेची मॅच आहे. अकरा जण आभाळी शर्ट घालून राष्ट्रगीताला उभे आहेत आणि मला आखातातल्या मुहर्रकमधलं तुमचं शिलाईचं दुकान आठवतंय. तुम्ही तिथे नवीन होतात तेव्हा 'मफी' म्हणजे 'नाही' हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. दुकानदार मफी म्हणाला, की तो बिचारा माफी मागतोय असं वाटून तुम्ही छातीवर हात ठेवून 'असू दे, असू दे' म्हणायचात. अरब फारच नम्र असतात, असं पत्रही तुम्ही गावी धाडलं होतंत. पुढे त्याचा घरात कायमचा विनोद झाला. साखर मफी, असं अम्मी म्हणाली की तुम्ही लगेच विचारायचात, "माफी कशाला मागतेस गो?"

चौऱ्याण्णवचा वर्ल्ड कप तोंडावर आला होता आणि मी अकरा वर्षांची होते. शेजारचे वसईचे अंकल झल्लाकच्या हॉटेलात कामाला होते. मॅच बघायला बिल्डिंगमधली सगळी मुलं त्यांच्याकडेच जमणार होती, आणि प्रत्येकाकडे कुठल्या ना कुठल्या टीमचा शर्ट होता. मला अर्जेंटिनाचा हवा होता, आभाळी आणि पांढऱ्या पट्ट्यांचा. तुम्ही आपल्या रत्नागिरीच्या बोलीत विचारलंत, मी नेहमीसारखं इंग्रजीत सांगितलं. त्यातला आभाळी रंग तुमच्यापर्यंत पोचला, पट्टे वाटेतच राहिले. जन्मभर तुम्ही अरबांचे पायघोळ तोब शिवलेत. हाताला सवय तीच. शर्ट झाला नुसता आभाळी, गळ्याला तोबासारखी उभी पट्टी आणि कुशीला लांबलचक खिसा.

मुलं पोट धरून हसली. त्या खिशात बॉल ठेवणार का, असं एकाने विचारलं. मी रडत घरी आले आणि दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही अंकलच्या हॉलमध्ये बसलेलो असताना तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. गळ्यात टेप तशीच होती. हा शर्ट अर्जेंटिनाचा नाहीच, उरुग्वेचा आहे, असं तुम्ही सगळ्यांना सांगितलंत. एवढासा देश, आपल्या मुंबईपेक्षा कमी माणसांचा, पण पहिला वर्ल्ड कप त्यानेच भरवला आणि त्यानेच जिंकला. मग पुढे एकदा ब्राझीलमध्ये जाऊन, ब्राझीलला नुसती बरोबरी पुरत असताना, आधी एक गोल खाऊन मग दोन मारले आणि कप उचलून आणला. लाखो माणसं बसलेली, पण सगळं स्टेडियम चिडीचूप. तुम्ही हे हातवारे करून सांगत होतात, जणू त्या दिवशी तिथे हजर होतात.

भिंतीवर पेपरातला तक्ता चिकटवलेला होता. मी उठून त्यावरच्या चोवीस टीम एकेक करून वाचल्या. उरुग्वे नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "यू आर लायिंग, अब्बा."

माझं बरंचसं इंग्रजी तुम्हाला कळायचं नाही. हे कळलं. शाळेच्या पुस्तकात बघ, एवढंच बोलून तुम्ही दुकानात परत गेलात.

तुम्ही गेल्यावर काही वर्षांनी मी वसईला अंकलना भेटले, तेव्हा ते मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, की तुझे अब्बा दोन संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसले होते. नुसत्या आभाळी शर्टाची टीम कुठची, एवढाच त्यांचा प्रश्न होता. मग सगळं ऐकून घेतलं, शाळकरी पोरासारखं म्हणून दाखवलं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. "मी ब्राझीलवाला," अंकल म्हणाले, "आणि ब्राझील हरल्याची गोष्ट मला चार वेळा सांगायला लावली तुझ्या बापाने." हे ऐकून मला त्यांच्यासमोर रडू आलं. त्यांना वाटलं, तुमच्या आठवणीने.

तसं नव्हतं, अब्बा. त्याच आठवड्यात शाळेच्या लायब्ररीत मी जाडं पुस्तक काढून बघितलं होतं. तुम्ही सांगितलेलं अक्षर न् अक्षर खरं होतं. पहिला कप, ब्राझीलमधला कप, आभाळी शर्ट, सगळं. या खेपेला तेवढी ती टीम पात्र ठरली नव्हती. मी पुस्तक मिटून जागेवर ठेवलं. सगळ्यांसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं होतं, आणि आता मलाच खोटं पडायचं नव्हतं.

शुक्रवारी तुम्ही दुकानात काजं करत बसला होतात. मान वर न करता विचारलंत, "पुस्तकात गावला काय गो?"

मी म्हटलं, "मफी."

तुमची सुई थांबली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, जरा जास्तच वेळ. मग हसलात आणि म्हणालात, "माफी कशाला मागतेस गो?"

तुम्ही नेहमीचा विनोद केलात, की माझ्या तोंडावर सगळं वाचून मला सोडवलंत, हे त्यानंतरच्या नऊ वर्षांत मला विचारता आलं असतं. एकाच घरात होतो आपण. मी विचारलं नाही. हे पत्रही आता टाकायचं कुठे, ते कपाटातच राहील. पण तुमच्या भाषेत तुम्हाला लिहिलेलं हे माझं पहिलंच पत्र आहे, आणि त्या दिवशी त्या शब्दातला जो एक काना मी गिळला होता, तो आज देते आहे.