आराशेलीला आजच सांग

ताई,

मी सहाच्या बसने आसुन्सिओनला डॉक्टरांकडे चालले आहे. ठेवून घेतलं तर तिथेच राहीन. आराशेलीला शाळेत सोड आणि कालचे दोन चिपा पाव गरम करून तिच्या डब्यात दे.

चार दिवस मी दार लावून पडले होते, ते पाठ दुखते म्हणून नव्हे. मला आपल्या आईसारखंच मनाचं दुखणं होतंय. काल दुपारी दार उघडलं, तर ही पोर बाहेर फरशीवर बसलेली. म्हणाली, "आई, मी अजिबात आवाज केला नाही हं!" आपणही दाराबाहेर बसून हेच म्हणायचो ना गं?

आई बरी असली की किती मजा करायची! ईस्टरच्या आठवड्यात चिपाच्या पिठाची कबुतरं वळायची. तुझ्या कबुतराची चोच पाहून हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. ते सगळं आराशेलीला सांग, आणि आजाराचंही सांग. आपल्याला कुणीच काही सांगितलं नाही. आई माझ्याच आवाजाने आजारी पडते, असं मी लग्न होईपर्यंत समजत होते.

मी यायची वाट बघू नकोस. शाळेच्या वाटेवरच सांग.

नेलिदा