कच्चा टाका

३ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

तुझा हुकूम पोचला. तलावावर पोरांना पोहायला शिकवता शिकवता आता थोरल्या बहिणीलाही शिट्टीवर नाचवणार, असं दिसतं. पण डॉक्टरीणबाईंनीही तुझीच री ओढली. छातीचा कॅन्सर काढला, तरी तो ज्या हार्मोनवर पोसला होता, ते पाळी गेल्यावरही अंगातल्या चरबीत तयार होत राहतं म्हणे. हातपाय हलले, वजन उतरलं, की तेही थोडं उतरतं. म्हणून रोज भरभर चालायचं, डाळी-भाज्या-फळं खायची आणि समोरच्या बेकरीकडे पाठ करून बसायचं. जन्मभर लोकांचे कोट आटवले, आता कोटातलं माणूस आटवायचं.

चालेन गं. पण ते हार्मोन दाबायला रोज घ्यायच्या त्या गोळीने बोटांचे सांधे धरलेत. काल सुईत दोरा ओवता येईना. शेवटी तुझ्या भावजींनी ओवून दिला आणि दिवसभर कॉलर ताठ करून दुकानात फिरले.

लोभ आहेच, शिट्टी तेवढी हळू वाजव.
तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बेकरीकडे पाठ केलीस हे ठीक, पण नाक अजून तिकडेच असतं, असं भावजी कळवतात. ऑपरेशनच्या बाजूचा हात भिंतीवरून रोज थोडा थोडा वर सरकव. सांध्यांचं मात्र डॉक्टरीणबाईंना सांग, अंगावर काढू नकोस. हंगाम संपू दे म्हणत तू ती गाठही अंगावर काढली होतीस.

रागावलीस तरी लोभ आटवू नकोस.
तुझी धाकटी

११ मे

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पेढीवाल्या शेजारणीने परवा मला मागून ओळखलंच नाही! कमरेचे हूक दोनदा सरकवले. बेकरीवाला रुसलाय. आणि ऐक, काल दुपारभर बसून एका लांब कोटाची सगळी काजं हाताने केली. बोटं अशी चालली की तुझे भावजी पाहत राहिले. सुई ओवण्याचं त्यांचं काम गेलं, म्हणून जरा हिरमुसलेत.

तुझ्या शिट्टीचे उपकार मानते, पण एकदाच.
तुझी ताई

१६ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून हसले, आणि मग काजांशी अडखळले. फेब्रुवारीत दोरा ओवता न येणारी बोटं दुपारभर काजं करतात, आणि पत्रात गोळीचं नावही नाही. ताई, गोळी बंद केलीस का?

केली असशील तर त्यात माझाही हात आहे, कारण मीच चालण्याचे गोडवे गायले. चालण्याने ते हार्मोन थोडं उतरतं, गोळीइतकं नाही. तुझ्याच मशीनचं घे. वरचा धागा कितीही चांगला असो, बॉबिन रिकामी असेल तर टाका बसतो का?

लोभाचं आज लिहीत नाही. मला तू हवी आहेस. उद्याच्या उद्या दवाखान्यात जा.
धाकटी

२ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

पकडलंस. मार्चअखेरीस बंद केली होती. शिंपिणीची अक्कल: पक्की शिलाई पडली की कच्चा टाका उसवायचा. मला वाटलं, वजन उतरलं म्हणजे शिलाई पक्की झाली, आता गोळी उसवली तरी चालेल. तुझ्या भावजींनाही सांगितलं नाही. तुझं पत्र वाचल्यावर ते माझी चप्पल दारात ठेवून उभे राहिले.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. आहार-व्यायाम चालूच ठेवायचा, पण तो गोळीच्या जोडीला, तिच्या जागी नाही, असं त्यांनी बजावलं. गोळी त्याच कामाची, पण वेगळी दिली आहे. सांधे थोडे दुखतात. चालून आलं की सैल होतात. सुई ओवण्याची नोकरी तुझ्या भावजींना परत मिळाली.

आता एक मागणं. ऑपरेशननंतर स्वतःसाठी मी माप न घेता गोणपाटं शिवत आले. आता अंगाबरोबर बसणारा कोट शिवायचा आहे. कापड काढून ठेवलंय. पण स्वतःचं माप स्वतःला घेता येत नाही, आणि तुझे भावजी टेप घेऊन छातीशी आले की त्यांचा हात थांबतो. तू ये. जे नाही तेही नीट मोज, आणि रडू नकोस, ओल्या टेपने माप चुकतं.

शिवणीत माया भरपूर सोडणार आहे. पुढे अंग सुटो की आटो, कोट मला बरीच वर्षं घालायचा आहे.

वाट पाहते.
तुझी ताई