फोनवर दिसणारं नाव

१४ ऑक्टोबर, सोमवार

आज दुपारी माझ्या झोपेचा खून झाला. आरोपी – मधुर आवाजाची एक मुलगी. हत्यार – मोबाइल. कारण – मी न मागितलेलं पाच लाखांचं कर्ज. तीन वाजेपर्यंत असे सात फोन! जळगावात राहून, दुपारी जेवून, पंख्याखाली आडवं पडायचाही हक्क नसेल तर स्वातंत्र्य मिळवलं कशाला?

शेवटी फोन करणाऱ्याचं नाव दाखवणारं ते ॲप घेतलं. फुकट. त्याने विचारलं, तुमच्या फोनमधली सगळी नावं बघू का? बघ बाबा. परवानगी, परवानगी, परवानगी – एक अक्षर न वाचता. ज्योत्स्ना म्हणाली, "पण फुकट का देतात?" म्हटलं, बायकोसारखे प्रश्न विचारू नकोस. "मग कोणासारखे विचारू?" कूस बदलली. झोपलो.

२० ऑक्टोबर, रविवार

पेपरात माझं सदर छापून आलं. 'खिशातले हेर' – मोठ्या कंपन्या आपली माहिती कशी ओरपतात यावर. झोडपलंय चांगलं! दुपारपर्यंत दोस्तांच्या ग्रुपमधल्या अकराही जणांचे कौतुकाचे फोन. अनोळखी वाचकांचेही आले, उचलण्याआधीच प्रत्येकाचं नाव दिसत होतं. ॲप झकास आहे. अकराही जणांना घ्यायला लावलं.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

बाजारात लताबाई भेटल्या. असोद्याच्या. थंडीचे तीन महिने लोकांच्या घरी, शेतावर जाऊन भरताचं जेवण करून देतात. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजायची, लाकडी बडगीत ठेचायची, सोबत ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरी. या तीन महिन्यांवर त्यांचं वर्ष निघतं. मुलगी मयुरी नर्सिंगला आहे, तिची फीसुद्धा वांग्यांतूनच.

यंदा मोसम ऐन भरात आणि बाई मोकळ्या. "भाऊ, दरसाल लोकं सोताहून फोन करत. यंदा मी केला तरी उचलत नही. दीपनगरच्या कॉलनीनं जेवण रद्द केलं. कारण सांगत नही, नुसते हसतात. माह्या हाताले काय झालं, तुम्हीच सांगा." मिरची निम्मी केली म्हणाल्या. तेल बदललं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा वाढायच्या आधी स्वतः चाखून बघतात – दोनदोनदा.

मी सल्ला दिला : काळाबरोबर बदला, भरतात पनीर घाला! त्या हसल्या नाहीत. मान हलवली. खरंच घालतील अशी भीती वाटली.

२७ नोव्हेंबर

धुळ्याहून जितेंद्रचा फोन – ज्योत्स्नाचा भाऊ. नवं घर बांधलंय, पंधरा तारखेला साठ माणसांचं जेवण, भरीतच पाहिजे. लताबाईंना त्याचा नंबर दिला. आज मी फार मोठा माणूस आहे.

१ डिसेंबर, रविवार

जितेंद्रला हसण्यामुळे बोलता येईना. "पाव्हणा, हाई काय शे? तुमनी बाईना फोन उना, वर नाव दिसनं – लताबाई जुलाबवाली! बठ्ठा हासी राहिनात!"

मीही हसलो. मग हसू तोंडातच राहिलं. ते नाव मी ठेवलेलं आहे.

तीन वर्षांपूर्वी हितेंद्रच्या शेतावर भरीत होतं. हितेंद्र माझा शाळेपासूनचा दोस्त, लाजायचं कारण नव्हतं. चार ताटं हाणली. परत येताना टेम्पोत लताबाईंची भांडी, लताबाई आणि मी. वाटेत टेम्पो थांबवून अर्धा किलो रबडी खाल्ली – उभ्याउभ्या. पुढचं लिहीत नाही. दुसऱ्या दिवशी ग्रुपमध्ये किस्सा रंगवला. किश्शात भरीत ठेवलं, रबडी गाळली. विनोद आटोपशीर लागतो! त्याच झोकात फोनमध्ये बाईंचं नाव बदललं, एकटाच हसलो, विसरलो.

ऑक्टोबरात तेच नाव उचलून कंपनीच्या हातात दिलं. कशासाठी? दुपारच्या झोपेसाठी. आता बाई फोन करतील त्या प्रत्येक ॲपवाल्याच्या हातात माझा विनोद वाजतो. आणि बाई मिरची कमी करतायत.

२ डिसेंबर

ॲप काढलं. काढून काय होतं? दिलेलं तिथेच राहतं. कंपनीला तक्रार लिहिली – तीन परिच्छेद, भाषा अत्यंत धारदार. अर्ध्या मिनिटात उत्तर : आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. खाली बारीक अक्षरांत – नाव हटवायचं तर ज्याचा नंबर त्याच्याच फोनवर सहा आकडे येतील, ते भरा.

ज्योत्स्ना म्हणाली, "मग जाऊन सांगा ना बाईंना, काय झालं ते." सांगतो म्हटलं.

३ डिसेंबर

आज जमलं नाही.

४ डिसेंबर

असोद्याला गेलो. सांगितलं नाही. म्हटलं, "लताबाई, भरीत करणाऱ्यांची एक यादी बनतेय. तुमच्या फोनवर आकडे येतील, तेवढे सांगा." यादी! जन्मभर दुसऱ्यांच्या थापा पकडून पोट भरलं, आणि माझी स्वतःची थाप ही अशी.

त्यांनी बटणांचा फोन डोळ्यांपासून लांब धरला. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मग एकेक आकडा सांगितला. "परत सांगू का, भाऊ? चुकायले नको."

चहा दिला. प्यायलो. 'नको' म्हणायची तरी लाज असायला हवी होती.

५ डिसेंबर

जितेंद्रने बघून सांगितलं – नाव गेलं! सुटलो.

९ डिसेंबर, सोमवार

नाव परत आलं. जितेंद्रने फोटोच पाठवला. तणतणत हितेंद्रला फोन केला – या कंपन्या, यांचे कायदे, यांची मुजोरी... त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भो, कंपनीचं काय घेऊन बसला? माझ्या फोनमध्येही तेच नाव आहे. भूषणच्या, जीवनच्या – बठ्ठ्या ग्रुपच्या. तुझा किस्सा ऐकून तिथेच टाकलं आम्ही. बारसं तूच केलं ना? दीपनगरला माझा मेहुणा आहे, त्याला मागच्या महिन्यात नंबर पाठवला, तोही त्याच नावाने. भ्याला बिचारा, जेवणच रद्द केलं!" आणि हसला.

म्हणजे मी एकट्याने परवानगी दिली नव्हती. आणखी अकरा जणांनी दिली, अकराही फोनांत माझीच जीभ.

कंपनीने फक्त भोंगा लावला. तोंड माझं.

१० डिसेंबर

अकराही जणांना फोन केले. हितेंद्रच्या दीपनगरच्या मेहुण्याला बारावा. नाव बदला, 'लताबाई भरीतवाल्या' असं ठेवा. प्रत्येकाने विचारलं – का रे? काय झालं?

"कंपनीने घोळ केलाय."

असं म्हणालो. बारा वेळा! बाराही जणांनी कंपनीला शिव्या घातल्या. मीही घातल्या, सगळ्यांत मोठ्याने. जीवन म्हणाला, "यावर लिही भो, फाडून टाक त्यांना!" मेहुण्याने मात्र विचारलं, "पण मग ते जुलाब झाले होते ते खरं ना?" मी म्हटलं, "नेटवर्क जातंय," आणि फोन ठेवला.

कंपनी फार उपयोगी वस्तू आहे. तिला लाज नसते, म्हणून आपली तिच्याकडे ठेवायला देता येते.

१५ डिसेंबर, रविवार. धुळे

मिरची निम्मीच होती. पंगतीत लताबाई माझ्या ताटाशी आल्या, भरताचा मोठा डाव उपडा केला आणि हळूच म्हणाल्या, "खा भाऊ, पोटभर. आज रबडी नही ठेवली."

मी वर बघितलं.

"त्या दिसाच्या आकड्यांच्या मेसेजमधी ते नाव मराठीत लिहेल होतं. मले वाचता येते." आणि पुढच्या ताटाकडे गेल्या.

हात धुऊन गच्चीवर गेलो. बाराही जणांना परत फोन केले. प्रत्येकाला एकच वाक्य – भरीत चांगलं होतं, रबडी मी खाल्ली होती.