ताईच्या खोलीचा गरम नळ

८ जानेवारी

या घरात मी माझ्या हातांनी केलेलं: वरची खोली, म्हणजे विटा, गिलावा, फरशी, सगळं. वर जाणारा जिना. एक पायरी दुसरीपेक्षा उंच सापडली तर मिशी उतरवीन. गच्चीवरची टाकी, तिचा पंप. गार पाण्याची लाइन. गरम पाण्याची लाइन: गीझरपासून खालच्या न्हाणीघरात, तिथून मागच्या मोरीवर, तिथून वर ताईच्या खोलीत. एका सांध्यातून थेंब गळत नाही. आणि मोरीवरचा दाबायचा फवारा — असला बाजारात मिळत नाही! थंडीत भांडी घासून बायकोच्या हातांना भेगा पडायच्या म्हणून केला. गरम आणि गार, दोन्ही नळ कायमचे अर्धे उघडे, पुढे एकत्र जोडलेले, टोकाला खटका. खटका दाबला की हवं तस्सं पाणी. नळ पिळत बसायला नको.

हे सगळं आज धाकट्याला फोनवर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दादा, सगळं मान्य. पण ताईला गरम पाणी मिळत नाही."

माझ्या घरात!

९ जानेवारी

ताईला विचारलं. "कोमट येतं रे. चालतंय की." मग तिची बोटं एकात एक अडकवून मांडीवर ठेवली. सांधे सुजलेत. सकाळी गरम पाण्यात हात बुडवल्याशिवाय बोटं उघडत नाहीत तिची, आणि बोटं उघडली नाहीत तर सुई धरता येत नाही. अजूनही काजं-बटणं करते. म्हटलं, आता कशाला? म्हणाली, "हात रिकामे राहिले की तोंड चालतं. मग तुम्हालाच जड जाईल."

रविवारी धाकटा तिला न्यायला येतोय. "महिनाभर राहून येते," म्हणाली. शिलाई मशीनही नेणार आहे. महिन्याभरासाठी कोणी मशीन नेतं का?

१० जानेवारी

कामाला लागलो. ताईच्या नळाची जाळी काढली. क्षाराने गच्च! व्हिनेगरात भिजवून सुईने एकेक भोक मोकळं केलं. धार सुधारली. पाणी मात्र जसंच्या तसं.

११ जानेवारी

गीझर उघडला. कॉइलवर बोटभर क्षाराचा थर. खरवडला. थर्मोस्टॅटही नवा टाकला. माझ्या न्हाणीघरात आता हात धरवत नाही इतकं कढत. वर गेलो. कोमट.

लाइन तीच. पाणी तेच. मला वाफ आणि तिला कोमट? बायको म्हणाली, "गळतीवाल्याला बोलवा ना एकदा." गळतीवाला म्हणजे कोपऱ्यावरचा प्लंबर. आख्खी गल्ली त्याला याच नावाने हाक मारते.

म्हटलं, ज्याने लाइन टाकली त्याला लाइन कळत नसेल तर दुसऱ्याला काय कळणार?

"तेच म्हणतेय मी," म्हणाली, आणि आत गेली. काय म्हणत होती, नक्की कळलं नाही.

१२ जानेवारी

गळतीवाल्याचं नाव निघालं म्हणून आठवलं. गेल्या हिवाळ्यात तो दारात आला होता. न बोलावता! खांद्याला पिशवी, तोंडात तंबाखू. म्हणाला, "मालक, वरच्या खोलीचं गरम पाणी जरा बघून देतो. तासाभराचं काम. पैशाचं तुम्ही बघू नका." मी मनात म्हटलं, ओळखली युक्ती. आधी फुकट बघायचं, मग 'अख्खी लाइन बदला'. म्हटलं, "आधी स्वतःच्या दुकानाचा नळ बघ. रस्ताभर ओघळ असतो." शेजारी हसले. तोही हसला. गेला.

त्याच संध्याकाळी थर्मामीटर घेऊन गीझरच्या तोंडाशी पाणी मोजलं. साठ! वर जाऊन ताईला आकडा दाखवला. म्हटलं, "साठ आहे, ताई. पाणी म्हातारं नाही झालं. तुझे हात म्हातारे झालेत."

गंमत म्हणून बोललो. तीही हसली. त्यानंतर पाण्याबद्दल कधी बोलली नाही. मला वाटलं, पटलं.

गीझरच्या तोंडाशी मोजलं मी. तिच्या नळाशी नाही. एवढा मापाचा माणूस मी!

१४ जानेवारी

जिन्यातल्या पाइपला फोमची गुंडाळी केली. वाटेत पाणी थंड होत असेल म्हणून. काही फरक नाही. ताई जिन्यात उभी राहून बघत होती. "पाइपाला स्वेटर घातलास होय रे?"

मी म्हटलं, उद्या जाऊ नकोस. अजून दोन दिवस दे.

"अरे, पाण्यासाठी का जातेय मी?" असं म्हणाली. पण माझ्याकडे न बघता.

१५ जानेवारी, रविवार

गेली. धाकट्याने मशीन उचललं. एक बाजू मी धरली. जिना अरुंद आहे. धाकटा वळणावर अडकला. जिना कोणी बांधला ते दोघांनाही माहीत होतं.

गाडीत बसताना ताई म्हणाली, "खोली छान बांधलीस हो तू. ऊन येतं, वारा येतो. पाणी तेवढं —" आणि काच वर केली. काचेतून हात हलवला. बोटं पुरती उघडत नव्हती.

आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा, धाकटा चालायला लागलेला. ताईने लोकांचे कपडे शिवून आम्हाला वाढवलं. माझा पहिला पाना तिनेच आणून दिला होता. शेजारणीचा नळ दुरुस्त केला म्हणून. अजून आहे माझ्याकडे. तिच्यासमोर बोलताना कोणी वाक्य अर्धं सोडत नसे. माझ्यासमोर आता सगळे सोडतात. तीही.

१८ जानेवारी

काही नाही. वर गेलो नाही.

२२ जानेवारी

सापडलं.

गीझर पुन्हा एकदा उघडून बघायचा होता. त्यात जाणारं गार पाणी बंद केलं आणि लाइन रिकामी व्हावी म्हणून ताईचा गरम नळ सोडला. वाट बघितली. पाणी थांबेना! खाली येऊन झडप तपासली, घट्ट. गीझरच्या तोंडाचा पाइप सोडवून बघितला. गीझरचं तोंड कोरडं, पाइपातून मात्र उलटं पाणी. म्हणजे गीझरमधून थेंब निघत नाही, आणि वर गरम नळाला धो धो पाणी! गार.

मग ते येतंय कुठून?

पाइपाचं तोंड बुचाने बंद केलं. बायकोला वर नळापाशी उभं केलं. खाली एकेका नळाची झडप बंद करत निघालो. न्हाणीघराचा मिक्सर. "थांबलं का?" "नाही!" वॉशबेसिन. "थांबलं?" "अहो, नाही!" शेवटी मोरी. फवाऱ्याचा गार नळ पिळला.

"थांबलं!" वरून ओरडली.

मी तिथेच मोरीच्या कठड्यावर बसलो.

फवाऱ्याचे दोन्ही नळ कायम उघडे. टोकाचा खटका बंद, पण आत गरम आणि गार एकमेकांना मिळालेलेच. ताईने वर नळ सोडला की गरम पाणी गीझरमधून दमत दमत येणार, गार पाणी पंपाच्या जोरावर माझ्या फवाऱ्यातून आडवाटेने गरम लाइनीत घुसणार. मोरीच्या अलीकडे माझं न्हाणीघर. मला कढत. मोरीच्या पलीकडे ताई. तिला मिसळलेलं. दोन हिवाळे.

बायको खाली आली. "म्हणजे काय झालं नेमकं?"

"काही नाही."

तिने बंद नळाकडे बघितलं, मग फवाऱ्याकडे. "म्हणजे हा? माझा फवारा?" पदराने तोंड पुसलं. "मला आधी कळलं असतं तर राखेने घासली असती हो भांडी, विहिरीच्या पाण्याने."

तिची काय चूक? फवारा मी केला. तिने कधी मागितलाही नव्हता.

२३ जानेवारी

फवाऱ्याचे दोन्ही नळ बंद ठेवून वर पाणी सोडलं. वाफ! आरशावर धुकं आलं. थर्मामीटर लावला, तिच्या नळाशी या वेळी. छप्पन्न.

ताईला फोन केला. "ताई, कढत येतंय. माझीच चूक होती. फवाऱ्याची." सगळं समजावलं, कुठून कुठे कसं.

ताई म्हणाली, "फवाऱ्याची होय? बघ, आणि मला वाटायचं खरंच हातांची."

मी विचारलं, कधी येतेस?

"येईन रे. इथे बरं पडतंय मला. मशीन खिडकीशी लावलंय." पलीकडे नळाचा आवाज येत होता.

२७ जानेवारी

बायको आज म्हणाली, फवारा नसल्याने हात पुन्हा फुटलेत. तिचंही ऐकलं पाहिजे. उपाय मला माहीत आहे: फवाऱ्याच्या दोन्ही लाइनींवर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे व्हॉल्व्ह. तेव्हाच टाकायला हवे होते. तेव्हा वाटलं, विनाकारण खर्च, धार बारीक होईल. असले व्हॉल्व्ह फक्त कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात.

२९ जानेवारी

गळतीवाल्याकडे गेलो. दुकानासमोर ओघळ नव्हता. दोन व्हॉल्व्ह मागितले. त्याने विचारलं नाही कशाला. मी पाकीट काढलं तर म्हणाला, "राहू द्या, मालक. ताईंचे जमा आहेत."

कसले?

"गेल्या हिवाळ्यातले. त्यांनीच तर पाठवलं होतं मला. तुम्ही परतवून लावलंत, म्हणून पैसे परत द्यायला गेलो. तर म्हणाल्या, ठेव. तो कधीतरी आपणहून येईल, तेव्हा यातून कापून घे. आणि माझं नाव सांगू नकोस, त्याला लागेल."

तर मी दारातच नाकारलं ते असं: एक जाणता माणूस, तासाभराचं काम, ताईच्या खोलीत गरम पाणी. मजुरी आगाऊ पोचलेली. रक्कम तीनशे रुपये. एका काजाचे दोन मिळतात तिला.