आधी तू खाय

३ नोव्हेंबर
आली बाई एकदाची अकोल्याले! जुन्या शहरातलं घर, खिडकीतून मोर्णा नदी दिसते, अन् मले स्वतंत्र खोली. राजेशाही थाट! काम एकच, दुर्गाबाईंची देखभाल. बाईंले विसरायचा आजार. पोटच्या पोराले, गजेंद्रभाऊंले, त्या वायरमन समजतात. मले आधी हसू आलं, मंग वाईट वाटलं. त्यायच्यावर नव्या औषधाची चाचणी चालू हाय. डॉक्टर म्हणे, मेंदूत राखणदार पेशी असतात. त्या बिथरल्या का घरालेच आग लावतात, सूज येते. हे औषध त्यायले झोपवते. माही पोरगी माया चांदूर बाजारले आईपाशी हाय. पहिल्या पगारात तिले सायकल.

६ नोव्हेंबर
बाई गोळी थुंकतात. अख्खी गिळवा, कुटू नका, असं सक्त सांगणं हाय. पण ऐकते कोण! म्या शिऱ्यात कुटून घातली. बाई म्हणे, आधी तू खाय. घरी आलेल्याच्या आधी घास घेऊ नये, हे मात्र विसरल्या नाहीत. एका घासानं काय होते? खाल्ला. आता रोज तसंच.

२१ नोव्हेंबर
गुण आला! बाईंनी भाऊंले नावानं हाक मारली. भाऊ ढसाढसा रडले. मले मात्र आईच्या गल्लीचं नाव आठवेना. थकवा असन.

२८ नोव्हेंबर
मेथी निवडता निवडता बाईंनी सांगितलं, त्यायची पोरगी चांदूरच्या बाजारात हरवली होती. गुळाच्या दुकानामागं सापडली, हातात अर्धा पेरू. भाऊ हसले. आईले पोरगी नव्हतीच, अन् चांदूरले ती कधी गेली नाही, म्हणे.
माया हरवली होती. गुळाच्या दुकानामागं. लाजेपोटी कोणालेच सांगितलं नव्हतं म्या. अन् पेरू — पेरू होता का?

२ डिसेंबर
डॉक्टरले घासाचं सांगितलं. ते लय चिडले. गोळी बंद करा, म्हणे. गेलेलं परत येते का, विचारलं. तर म्हणे, बाईंले आलं ना.
हो. पण कोणाचं आलं?

५ डिसेंबर
गोळ्या बंद, डबी सैपाकघरात पडून. पण राखणदार झोपले. दार सताड उघडं. माहं सारं तिकडं चाललं. गालावर तीळ हाय मायाच्या, उजव्या — का डाव्या — चेहरा येत नाही वं माय! आईले फोन केला, पोरीले घेऊन ये. हातावर मायाचं नाव लिवलं. लय भेव वाटते.

तारीख —
दुपार. एक म्हातारी आली, संग पोरगी. म्हातारी माह्या गळ्यात पडून रडते. कावून?
बाईंनी पोरीले मांडीवर घेतलं, गालावरच्या तिळाची पापी घेतली. माही माया, म्हणे. पोरगी माह्याकडंच पाहून राहिली. गोड हाय. कोणाची —
हातावर काही लिवलं होतं, घामानं —
बाई सैपाकघरात काही कुटून राहिल्या. शिऱ्याचा वास. या पोरीले मले काही सांगायचं होतं, न खायचं काही —
बाईंनी तिच्यापुढं ताट ठेवलं. म्हणतात, आधी तू —