तोंडावरचे बोट

प्रिय कन्ये,

मुक्या जिवालाही ज्याने अंतरीची वाणी दिली, त्या दयाघनाच्या कृपेने आम्ही तिघे कुशल आहोत. तुझी लेक टिकली आता भिंतीला धरून चालते. पडली की आधी आपल्याकडे कुणाचे लक्ष आहे का ते पाहते आणि मगच रडते!

शास्त्रे सांगतात, परा, पश्यंती, मध्यमा ही वाणीची रूपे आत दडलेली असतात. वैखरी तेवढी कानी पडते. हे मी जन्मभर कीर्तनांतून लोकांना समजावले, पाहिले मात्र आता. आधी नुसते हुंकार होते, मग ‘बाबाबा’चा सपाटा सुरू झाला. मी फुशारलो, तर तुझी आई म्हणाली, “हुरळून जाऊ नका, दाराच्या कडीलाही ती बाबाच म्हणते.” शब्द अजून एकही नाही, पण ‘दिवा कुठे?’ म्हटले की मान वर होते, ‘चप्पल’ म्हटले की माझीच ओढून आणते.

परवा त्या दूरच्या इस्पितळातल्या नोकरीवरून तू फोनवर म्हणालीस, “बाबा, ती माझ्याशी चकार शब्द काढत नाही. तोंडात बोट घालून बघत बसते. विसरली मला. यापुढे मी फोन नाही करत.” आणि लगेच फोन ठेवलास, म्हणून हे लिहितो आहे.

ते बोट तोंडात नसते गं, ओठांवर असते. तुझ्या आईची हयात बालवाडीत शिकवण्यात गेली. तुझा शब्द नीट ऐकू यावा म्हणून ती रोज दटावी, “टिकले, तोंडावर बोट! आई बोलतेय.” पोरीने ते मनावर घेतले. माझ्या पूजेलाही गप्प न बसणारी, तुझ्यापुढे मात्र बसते.

काल तुझा फोन आला नाही. तुझी आई शेजारणीला सहज म्हणाली, “हिची आई आज बोलायची नाही.” ‘आई’ ऐकताच टिकलीने चेंडू टाकला, मांडी घातली, ओठांवर बोट ठेवले आणि फोनकडे पाहत राहिली. किती तरी वेळ. शेवटी तुझ्या आईनेच ते बोट अलगद काढले आणि तोंड फिरवले.

तेव्हा हे वाचताच फोन कर. आता तिला कुणी दटावणार नाही. तू बोल, मग जराशी थांब. मी स्तोत्रात श्वासाला थांबलो की ती तेवढ्यात आपले चार स्वर घालतेच, तुलाही तशीच साद देईल. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला आपल्या माणसाची हाक ऐकू येवो, हाच आशीर्वाद.

तुझाच,
बाबा