एकोणतिसाचा पाढा

४ ऑगस्ट १९७१
दूध उतू गेलं — मी शेजारीच उभी! कशाला उभी होते, तेच आठवेना. मुंबईला छाती कापली, वर महिनाभर विजेचे शेक दिले. कॅन्सरची गाठ गेली, जाताना डोकंही घेऊन गेली. एकोणतिसाचा पाढा म्हणून पाहिला. त्रिक सत्त्याऐंशी — पुढे काहीच नाही. याच पाढ्यावरून चौथीच्या पोरांना छड्या दिल्यात मी!

ह्यांनी कसल्याशा कागदावर सही घेतली. "रजेचा अर्ज. दिवाळीपर्यंत पडून राहा." रजेपुरती माझी धाकटी बहीण भागिरथी आमच्याकडेच राहून माझ्या वर्गाला शिकवतेय. गुणी पोर.

९ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले होते, अंगात ताकद यावी म्हणून रोज चालत जा. पाटाच्या कडेनं पहिल्या पुलापर्यंत गेले. धाप लागली.

१० ऑगस्ट
परत गेले.

३० ऑगस्ट
आता रोज दोन पूल. गंमत म्हणजे खाटेवर अडलेला पाढा चालताना आपोआप सुटतो. चोक सोळोदरसे — एकशे सोळा! मोठ्यानं म्हणते. उसातल्या बायका खुरपं थांबवून बघतात. शेजारच्या छबूबाईनं ह्यांचे कान भरले — "मास्तरीनबाईला बाहेरचं झालंय. एकलीच बडबडत जाती पाटानं." भागिरथीनं माझ्या चपला लपवल्या. "ताई, लोक हसतात गं." अनवाणी गेले. हसा मेल्यांनो! छाती एक राहिलीय, पाय दोन्ही शाबूत आहेत.

२६ सप्टेंबर
एकोणतिसाचा पाढा न अडखळता, तीनदा! जेवताना सांगितलं — शुक्रवारी शाळेत हजर होते. ह्यांचा घास हातातच राहिला. भागिरथी पाणी आणायला उठली. तांब्या भरलेलाच होता.

१ ऑक्टोबर
हेडमास्तर बसासुद्धा म्हणाले नाहीत. "बाई, तुमचा राजीनामा ऑगस्टातच आला की. भागिरथीबाई कायम झाल्या तुमच्या जागेवर." कागद पुढे टाकला. खाली सही माझी. वरचं अक्षर भागिरथीचं — लहानपणी मीच गिरवून घेतलेलं! पलीकडं चौथीचा वर्ग पाढे म्हणत होता.

घरी येऊन ह्यांना विचारलं. म्हणाले, "तुझं डोकं परत ठिकाणावर येईल, असं कुठं वाटलं होतं!"

२ ऑक्टोबर
भागिरथीनं चपला आणून ठेवल्या. "ताई, चालून ये."
नाही गेले. सगळं लख्ख आठवतंय — सही करताना दौत तिनंच धरली होती. पुन्हा विसरेपर्यंत आता खाटेवरून उठायचं नाही.